इंदूरच्या बिंदूपासून जगाच्या नकाशापर्यंत : भूगोल नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जगाचा भूगोल शिकायचा म्हटले की बहुतेक जण देश आणि राजधान्यांची यादी पुढ्यात घेऊन बसतात. इंदूरच्या भंवरकुआ परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तेच करतात आणि नातवंडांच्या निमित्ताने पुन्हा अभ्यासाला लागलेली निवृत्त मंडळीही तेच करतात. परिणाम असा होतो, की ‘बुर्किना फासोची राजधानी कोणती?’ या प्रश्नाला ‘वागाडुगू’ हे उत्तर धाडकन येते, पण कोऱ्या नकाशावर तो देश दाखवा म्हटले की बोट आफ्रिकेवरून नुसते फिरत राहते. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी जागा, मग शेजार, मग नाव आणि राजधानी सर्वांत शेवटी. आश्चर्यकारक माहिती मात्र पहिल्या दिवसापासून चालेल, पण एका अटीवर, की तिचे कारण नकाशावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

सुरुवात इंदूरपासून केली आहे, कारण ज्या जागेचे ऊन, पाऊस आणि नद्या आपल्याला ठाऊक आहेत त्या जागेशी ताडून पाहिलेली माहितीच पुढे टिकते. उज्जैन, देवास, धार किंवा महू येथे राहणाऱ्यांना किरकोळ फरकाने हेच आकडे चालतील.

साहित्य

ब्राउझरमध्ये उघडणारे गुगल अर्थ हे मुख्य साधन समजावे. ते विनामूल्य आहे, त्यात पृथ्वी गोल दिसते, दोन ठिकाणांमधले अंतर मोजता येते आणि जागेची उंचीही कळते. कोऱ्या नकाशावर देश ओळखण्याच्या सरावासाठी सेटेरा वापरावे. हा खेळ १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झाला आणि आता जिओगेसर या संकेतस्थळाचा भाग आहे. वर्ल्डल हा खेळ रोज एका देशाची नुसती बाह्याकृती दाखवतो आणि आपले उत्तर चुकले तर खरा देश तिथून किती किलोमीटरवर आणि कोणत्या दिशेला आहे ते सांगतो. नवशिक्याला चुकीच्या उत्तरातूनही काही हाती लागावे, अशी ही सोय असल्यामुळे मला तो विशेष आवडतो. भारतापुरती उपग्रहचित्रे पाहायची असतील तर इस्रोचे भुवन आहेच.

शक्यतो लॅपटॉप किंवा टॅब्लेट वापरावा. मोबाइलच्या पडद्यावर टोगो आणि बेनिन हे दोन देश बोटाच्या एका पेराखाली झाकले जातात आणि मग चूक आपली की बोटाची हे कळत नाही. याशिवाय खजुरी बाजारातून एक साधा कागदी नकाशासंग्रह आणावा. पडद्यावरचा नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो, पण मोठा केला की शेजारचे देश पडद्याबाहेर जातात, आणि भूगोलात शेजारच महत्त्वाचा असतो. कागदावर पेन्सिलीने खुणाही करता येतात.

पायरी पहिली : आपला बिंदू पक्का करणे

गुगल मॅप्सवर राजवाड्यावर उजवी कळ दाबली की दोन आकडे दिसतात, साधारण २२.७२ आणि ७५.८६. पहिला आकडा अक्षांशाचा, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडे किती अंश, आणि दुसरा रेखांशाचा, म्हणजे ग्रीनिचपासून पूर्वेकडे किती अंश. हे दोन आकडे फोन नंबरासारखे पाठ करावेत, कारण पुढे भेटणाऱ्या प्रत्येक शहराचे आकडे यांच्याशी ताडून पाहायचे आहेत.

आता आपल्याच अक्षांशावरून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. पूर्वेकडे निघाल्यास नर्मदापुरम जवळजवळ रेषेवरच आहे, पुढे कोलकाता किंचित दक्षिणेला राहते, बांगलादेशातले खुलना लागते, मग म्यानमार आणि व्हिएतनामचे उत्तर टोक ओलांडून हाँगकाँगच्या जरा वरून आपण तैवानमधल्या काओश्युंगला पोहोचतो. त्यानंतर प्रशांत महासागर सुरू होतो आणि हवाई बेटांच्या थोडे उत्तरेकडून जात मेक्सिकोच्या काबो सान लुकासपर्यंत जमीनच लागत नाही. मेक्सिकोनंतर क्युबा, मग अटलांटिक, मग संपूर्ण सहारा आडवा कापत दक्षिण इजिप्त, तांबडा समुद्र, सौदी अरेबिया, ओमानमधले सूर हे बंदर आणि अरबी समुद्र ओलांडून सौराष्ट्रमार्गे परत घरी. ही फेरी करताना प्रत्येक टप्प्यावर थांबून पुढचा देश कोणता असेल याचा अंदाज आधी मोठ्याने सांगावा आणि नंतरच नकाशा सरकवावा. अंदाज न करता नुसते पाहत गेल्यास दुसऱ्या दिवशी फारसे काही आठवत नाही.

रेखांशावरची सफर आणखी मजेची आहे. आपल्या रेषेवर किंवा तिच्या अगदी लगत वरच्या बाजूला उज्जैन, कोटा, जयपूर आणि खालच्या बाजूला भुसावळ, सोलापूर, कोळिकोड ही गावे येतात. इंदूर आणि सोलापूर एकाच उभ्या रेषेवर आहेत, हे माहेर-सासरच्या निमित्ताने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांच्याही सहसा लक्षात आलेले नसते. केरळचा किनारा सोडल्यावर ही रेषा थेट अंटार्क्टिकापर्यंत समुद्रातूनच जाते. उत्तरेकडे मात्र काराकोरम, किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि सायबेरिया ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही. उत्तर गोलार्धात जमीन किती एकवटली आहे, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

इंदूरच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला काय आहे, हेही शोधावे. रीत सोपी आहे. अक्षांशाचा आकडा तोच ठेवून उत्तरेऐवजी दक्षिण करायचे आणि रेखांश १८० मधून वजा करून पूर्वेऐवजी पश्चिम करायचे. उत्तर येते २२.७२ दक्षिण आणि १०४.१४ पश्चिम. तिथे चहूकडे प्रशांत महासागर आहे आणि प्रसिद्ध ईस्टर बेट सुमारे सातशे किलोमीटरवर आहे. लहान मुलांना ‘इथून खणत गेलो तर अमेरिकेत निघू’ असे सांगण्याची पद्धत आहे, ती आता बंद करायला हरकत नाही.

पायरी दुसरी : आकड्यांतून ऊन, घड्याळ आणि पाणी वाचणे

कर्कवृत्त २३.४४ अंशांवर आहे, म्हणजे इंदूरच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर. एका अंशाचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे १११ किलोमीटर भरते, हे लक्षात ठेवले की असे हिशेब तोंडी होतात. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोन वेळा बरोबर डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर उभी ठेवलेली बाटली सावली टाकत नाही. जुलैत ढग आडवे येण्याचीच शक्यता जास्त, म्हणून जूनचा मुहूर्त गाठावा. दिल्लीकर नातेवाइकांना हा प्रयोग त्यांच्या गच्चीवर कधीच करता येणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

साडेबारा का, बारा का नाही, याचे उत्तर रेखांशात आहे. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते आणि आपण त्या रेषेच्या साडेसहा अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहोत, म्हणून इंदूरचा सूर्य घड्याळाच्या सरासरी २६ मिनिटे मागे चालतो. उज्जैनच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र, म्हणजे तिथले मोठे सूर्यघड्याळ, हीच स्थानिक वेळ दाखवते. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा उज्जैनला असण्यामागे कारण आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरून मोजला जात असे. ग्रीनिचची रेषा १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत आंतरराष्ट्रीय मान्यतेने ठरली. तिला विषुववृत्तासारखा निसर्गाचा आधार नाही, ती माणसांनी सोयीसाठी निवडलेली रेषा आहे, आणि हा फरक नवशिक्याने सुरुवातीलाच समजून घ्यावा.

आता पाणी. गुगल अर्थवर इंदूरहून महेश्वरच्या दिशेने हळूहळू सरकावे आणि उंचीच्या आकड्यावर नजर ठेवावी. शहरात तो साडेपाचशे मीटरच्या आसपास असतो, महूच्या पुढे जानापावच्या डोंगरावर आठशेच्या वर जातो आणि मग विंध्याच्या कड्यावरून एकदम कोसळत महेश्वरच्या घाटाशी दीडशेच्या जवळपास येतो. माळव्याचे पठार संपून नर्मदेचे खोरे सुरू होते ते इथे. जानापावला उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे जाऊन यमुनेला मिळते. इंदूर शहरातली कान्ह नदीही क्षिप्रा आणि चंबळमार्गे यमुनेत जाते, म्हणजे राजवाड्यावर पडलेला पाऊस शेवटी गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच सरीचा चोरलच्या बाजूला पडलेला भाग मात्र नर्मदेतून अरबी समुद्रात जातो. पावसाळ्यात सहलीला जाताना आपण भारतातला एक मोठा जलविभाजक ओलांडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पुढे कोणत्याही अनोळखी देशाचा नकाशा उघडला की पहिला प्रश्न हाच विचारावा, की इथले पाणी कुठे जाते? डॅन्यूब जर्मनीत उगम पावून काळ्या समुद्रात का जाते, किंवा व्होल्गा कोणत्याच महासागराला का मिळत नाही, हे मग आपोआप पाहावेसे वाटते.

याच अक्षांशावरच्या प्रदक्षिणेत एक कोडेही आहे. आपल्या रेषेवर सहारा आणि अरबस्तानचे वाळवंट येते, मग माळव्यात सोयाबीन आणि गहू कसे पिकतात? विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, तिथे आपला ओलावा पाऊस म्हणून टाकते आणि कोरडी होऊन उत्तर व दक्षिण या दोन्ही बाजूंना साधारण तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. त्या उतरत्या हवेच्या पट्ट्यात जगातली बरीच मोठी वाळवंटे आहेत. उन्हाळ्यात तापलेली भारतभूमी आणि तिबेटचे पठार हिंदी महासागरावरून ओले वारे खेचून घेतात, म्हणून आपण त्या पट्ट्याच्या कडेला असूनही वाचलो. मान्सून नसता तर इंदूर आणि दक्षिण इजिप्त यांच्यात फारसा फरक उरला नसता.

पायरी तिसरी : सपाट नकाशावर विश्वास न ठेवणे

भिंतीवरच्या आणि मोबाइलमधल्या बऱ्याच नकाशांचे मूळ गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये तयार केलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या रीतीत आहे. दर्यावर्दींना दिशा अचूक मिळावी हा त्याचा हेतू होता आणि तो साधलाही, पण त्याची किंमत क्षेत्रफळात मोजावी लागली. ध्रुवाकडे जावे तसतसा प्रदेश फुगत जातो. साठ अंशांवर लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट दिसतात, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि आफ्रिका त्याच्या चौदा पटींच्या आसपास. भारताचे क्षेत्रफळ ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलंडच्या दीडपट. रशिया हा जगातला सर्वांत मोठा देश खरा, पण आफ्रिका खंडात तो मावून वर बरीच जागा उरते. देशाची आकृती उचलून दुसरीकडे ठेवता येते अशी ‘द ट्रू साइज’ नावाची साइट आहे. तिच्यावर भारत उचलून युरोपवर, मग उत्तर कॅनडावर ठेवून पाहावा. आकृती सरकताना कशी फुगते ते डोळ्यांनी पाहिले की आकडे पाठ करण्याची गरज उरत नाही.

सपाट नकाशाचा दुसरा दोष अंतरांबाबत आहे. इंदूरमधल्या कित्येक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, असे विचारले तर बहुतेक जण युरोप आणि अटलांटिकवरून बोट फिरवतात. गुगल अर्थच्या मोजपट्टीने इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को रेषा ओढून पाहावी. ती पश्चिमेकडे जातच नाही, चीनचा पश्चिम भाग आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढते आणि अलास्कावरून खाली उतरते. लांबी भरते सुमारे १३ हजार किलोमीटर. विमाने हवामान, वारे आणि हवाई हद्दींचे निर्बंध पाहून मार्ग बदलतात, पण मूळ भूमिती ही अशी आहे.

पायरी चौथी : कोऱ्या नकाशावरची प्रश्नमंजूषा

नवशिक्याने येथे सर्वांत जास्त वेळ घालवावा. प्रश्नमंजूषा ही परीक्षा नसून शिकण्याची पद्धत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की एखादा मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनंतर अधिक चांगला आठवतो, पण आठवड्यानंतर मात्र तोच मजकूर आठवून सांगण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे असतात. म्हणून नकाशा पाहत बसण्यापेक्षा नकाशाला उत्तरे द्यावीत.

खंडांचा क्रम महत्त्वाचा आहे. युरोप ओळखीचा म्हणून लोक तिथून सुरुवात करतात आणि बाल्कन देशांत अडकून कंटाळतात. दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात करावी. तिथे बाराच स्वतंत्र देश आहेत आणि आकारही ठसठशीत आहेत. ब्राझीलची सीमा चिली आणि इक्वेडोर वगळता बाकी सर्वांना भिडते, समुद्रकिनारा नसलेले बोलिव्हिया आणि पॅराग्वे हे दोनच देश आहेत, एवढ्या दोन गोष्टींवर अर्धा खंड लागतो. उरलेला कोपरा फ्रेंच गयानाचा. तो स्वतंत्र देश नसून फ्रान्सचाच भाग आहे, आणि म्हणूनच फ्रान्सची सर्वांत लांब भू-सीमा स्पेनशी नसून ब्राझीलशी आहे.

त्यानंतर आफ्रिका घ्यावी. संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश एकदम समोर आले की कुणाचीही छाती दडपते, म्हणून ती पट्ट्यापट्ट्याने करावी. पहिला पट्टा भूमध्य समुद्राकाठचा, मोरोक्को ते इजिप्त. दुसरा सहाराच्या दक्षिण कडेचा, पश्चिमेकडून पूर्वेकडे मॉरिटानिया, माली, नायजर, चाड, सुदान. तिसरा गिनीच्या आखाताचा, आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया. हे दोन पट्टे पक्के झाले की बुर्किना फासो शोधावाच लागत नाही. वर माली आणि नायजर, खाली आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो आणि बेनिन, असे सहा शेजारी त्याला मधोमध धरून ठेवतात. माझ्या मते शेजाऱ्यांची नावे सांगता येणे हीच देश ‘येण्याची’ खरी कसोटी आहे.

एक फेरी कशी असते ते पाहू. पडद्यावर नाव येते : नायजर. मुलगी नायजेरियावर टिचकी मारते. चूक. इथे लगेच दुसरीकडे टिचकी मारत सुटू नये, सर्वांकडून हीच घाई होते. हात थांबवून दोन वाक्ये मोठ्याने म्हणावीत : नायजेरियाला समुद्र आहे, नायजरला नाही, नायजर तिच्या वर आहे आणि सहारात शिरलेला आहे. दोघांतून वाहणारी नायजर नदी कागदी नकाशावर बोटाने एकदा गिरवावी. मगच पुढची टिचकी. अशी फेरी हळू होते, गुण कमी मिळतात, आणि तिसऱ्या दिवशी ती चूक परत होत नाही.

फेरी संपल्यावर चुकलेले देश वेगळ्या रंगात दिसतात. त्यांचीच यादी वहीत लिहावी आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने फक्त तेवढेच विचारावेत. विसरणे सुरुवातीला वेगाने होते आणि पुढे मंदावते, हे हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्येच मोजून मांडले होते. हा हिशेब स्वतः ठेवायचा नसेल तर अँकी नावाचे कार्डांचे सॉफ्टवेअर ते काम करते, पण वहीचेही काम चालते. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, रविवारी तीन तास बसण्याचा उपयोग नाही.

आशियात मध्य आशियाचे पाच देश आधी करावेत, कारण तिथेच बहुतेकांचे नकाशे कोरे असतात. उझबेकिस्तान मध्ये ठेवला की उरलेले चारही त्याला चिकटून बसतात. युरोप त्यानंतर, आणि प्रशांत महासागरातली बेटे सर्वांत शेवटी. किरिबाटी आणि तुवालू न ओळखता आल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

पायरी पाचवी : राजधान्या आणि बदललेली नावे

जागा पक्क्या झाल्यावर राजधान्या झपाट्याने होतात. सर्वांत प्रसिद्ध शहर म्हणजे राजधानी, हा समज जिथे फसतो तेवढेच देश वेगळे काढावेत : ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा, कॅनडाची ओटावा, तुर्कीची अंकारा, ब्राझीलची १९६० पासून ब्राझिलिया, नायजेरियाची १९९१ पासून अबुजा, म्यानमारची नेपिडो. काँगो नावाचे दोन देश आहेत आणि त्यांच्या राजधान्या, किन्शासा आणि ब्राझाव्हिल, काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या आहेत. जुना नकाशासंग्रह वापरत असाल तर दक्षिण सुदान (२०११), एस्वातिनी (पूर्वीचा स्वाझीलंड, २०१८) आणि उत्तर मॅसेडोनिया (२०१९) ही नावे हाताने लिहून घ्यावीत.

पायरी सहावी : आश्चर्यकारक माहिती पारखून घेणे

व्हॉट्सअॅपवर भूगोलाची ‘थक्क करणारी’ माहिती रोज येते. तिच्यातली निम्मी फुकट जाते, कारण ती वाचून आपण ‘अरे वा’ म्हणतो आणि पुढे सरकतो. प्रत्येक माहितीला नकाशावर ‘कुठे’ आणि ‘का’ हे दोन प्रश्न विचारावेत.

पनामा कालव्यातून अटलांटिककडून प्रशांत महासागराकडे जाणारे जहाज बाहेर पडते तेव्हा ते आत शिरले त्याहून अधिक पूर्वेला असते. नकाशा मोठा करून पाहिला की कारण दिसते. पनामाची संयोगभूमी उभी नसून आडवी वळलेली आहे आणि कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. चिलीची राजधानी सांतियागो न्यूयॉर्कच्या पूर्वेला आहे, कारण दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या बरोबर खाली नसून बरीच पूर्वेकडे सरकलेली आहे. इक्वेडोरमधले चिंबोराझो शिखर ६,२६३ मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरने बुटके, तरीही त्याचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून एव्हरेस्टहून दूर आहे. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे आणि चिंबोराझो जवळजवळ विषुववृत्तावर आहे. बेरिंगच्या सामुद्रधुनीत रशियाचे मोठे डायोमीड आणि अमेरिकेचे छोटे डायोमीड या बेटांमध्ये चार किलोमीटरही अंतर नाही, पण मधून आंतरराष्ट्रीय वार रेषा जात असल्यामुळे एकीकडे सोमवार असतो तेव्हा दुसरीकडे बहुतेक वेळ रविवारच चालू असतो. अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यातून चीनमध्ये पाऊल टाकले तर घड्याळ साडेतीन तास पुढे करावे लागते, कारण चीनने एवढ्या रुंद देशाला बीजिंगची एकच वेळ लावली आहे.

काही प्रसिद्ध गोष्टी मात्र खोट्याच असतात. चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मध्ये परतल्यावर आपल्याला पृथ्वीच्या कक्षेतूनही ती दिसली नसल्याचे सांगितले. काही मीटर रुंदीची वस्तू पावणेचार लाख किलोमीटरवरून दिसेल का, एवढा प्रश्न विचारला असता तरी पुरेसे होते.

पायरी सातवी : रस्त्यावर उभे राहून देश ओळखणे

जिओगेसरमध्ये जगातल्या कुठल्या तरी रस्त्यावर आपल्याला उभे केले जाते आणि नकाशावर जागा दाखवायची असते. हा खेळ चौथ्या पायरीआधी खेळू नये, निव्वळ निराशा होते. खेळताना आधी सूर्य पाहावा. दुपारी तो उत्तरेकडे असेल तर आपण बहुधा दक्षिण गोलार्धात आहोत. मग वाहने पाहावीत. भारताप्रमाणे डाव्या बाजूने ती ब्रिटन, जपान, थायलंड, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत चालतात. मग पाट्यांची लिपी. लॅटिन अमेरिकेत स्वरांच्या डोक्यावर नागमोडी चिन्ह दिसले तर ब्राझील, कारण स्पॅनिशमध्ये ते चिन्ह फक्त ‘एन’ या अक्षरावर येते. माती, झाडे आणि छपरे हळूहळू कळू लागतात. माळव्यातल्या माणसाला काळी माती आणि लाल माती यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

मंडळात प्रश्नमंजूषा घ्यायची असेल तर

गणेशोत्सवात किंवा महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भूगोलाची प्रश्नमंजूषा हमखास रंगते, फक्त ती राजधान्यांची जंत्री होऊ देऊ नये. प्रोजेक्टरवर कोरा नकाशा लावावा, शहराचे नाव पुकारावे आणि प्रत्येक संघाने आपला अंदाज खडूने किंवा पिनेने दाखवावा. चूक-बरोबर असे गुण न देता खऱ्या जागेपासूनच्या अंतरावर गुण द्यावेत. त्यामुळे आजोबा आणि पाचवीतली नात एकाच संघात खेळू शकतात आणि कुणीच शून्यावर बाद होत नाही. जाहीर कार्यक्रमात भारताचा नकाशा दाखवताना एक काळजी घ्यावी. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमा अनेकदा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशाच वापरावा. परीक्षार्थींनीही सीमांच्या बाबतीत तोच प्रमाण मानावा.

बरोबरी झाली तर निकाल लावण्यासाठी अंतराचा प्रश्न राखून ठेवावा : इंदूरहून मॉस्को जवळ की नैरोबी? दोन्ही संघांनी उत्तराबरोबर किलोमीटरचा आकडाही कागदावर लिहून द्यावा आणि मग सर्वांसमोर गुगल अर्थवर मोजावे. मॉस्को सुमारे ४,८०० किलोमीटर भरते आणि नैरोबी सुमारे ५,०००.